खाली गाव नसलेला डोंगर: अमेरिकेतील मराठी मंडळांच्या सहल समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि सहल समित्यांचे संयोजक,
अमेरिकेतील सर्व मराठी मंडळे

विषय: राष्ट्रीय वनांतील तंबूच्या मुक्कामी सहलींबाबत

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

संक्रांतीचे हळदीकुंकू आटोपले की बहुतेक मंडळांत वर्षभराच्या कार्यक्रमांची आखणी सुरू होते. गुढीपाडवा, गणपती आणि दिवाळीच्या तारखा ठरल्या, सभागृहे आरक्षित झाली, की मधल्या रिकाम्या महिन्यांत ‘उन्हाळी कॅम्पिंग, सहकुटुंब’ अशी एक ओळ लिहिली जाते. हे पत्र त्या एका ओळीविषयी आहे. ही सहल जर राष्ट्रीय वनात, कोणतीही सोय नसलेल्या मोकळ्या जागी जाणार असेल, तर ती चाळीस-पन्नास जणांची एकच सहल म्हणून काढू नये. तिचे दहा-दहा माणसांचे स्वतंत्र गट करावेत आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी, शक्य तर वेगवेगळ्या शनिवार-रविवारी न्यावेत, एवढी माझी विनंती आहे. मी कोलोरॅडोत राहते आणि काही वर्षे एका सहल समितीत होते. त्यामुळे पुढे ज्या चुका सांगणार आहे त्यांत माझा स्वतःचा वाटा आहे.

ज्यांनी अशी जागा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. यलोस्टोन किंवा रॉकी माउंटन ही राष्ट्रीय उद्याने आणि राष्ट्रीय वने यांत आपल्याकडे नेहमी गल्लत होते. उद्याने नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहेत. वने मात्र १९०५ मध्ये स्थापन झालेल्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे, म्हणजे पर्यायाने कृषी खात्याकडे आहेत. अशी १५४ राष्ट्रीय वने आहेत, आणि गवताळ प्रदेश धरून त्यांचे क्षेत्र सुमारे १९ कोटी ३० लाख एकर भरते. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या अडीचपट आहे. तिथे लाकूडतोड, गुरेचराई, शिकार, खाणी असे अनेक उपयोग एकत्र चालतात आणि त्यांतच सामान्य माणसाला एक मोठी मुभा आहे. जिथे मनाई नाही तिथे, परवानगी असलेल्या रस्त्याच्या कडेने ठरावीक अंतरात, नोंदणी न करता आणि एक पैसाही न भरता तंबू ठोकता येतो. कोलोरॅडोत बहुतेक ठिकाणी सलग १४ दिवसांपर्यंत राहता येते. तिथे नळ नाही, शौचालय नाही, टेबल नाही, कचऱ्याचा डबा नाही आणि बहुधा फोनला रेंजही नाही. या प्रकाराला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात, आणि त्याची अट त्याच्या नावातच आहे. तो विखुरलेला मुक्काम आहे. माणसे इतकी पांगलेली असावीत की त्यांचा भार कुठल्याच एका जागेवर पडू नये, या हिशेबावर ही मोफत मुभा उभी आहे. चाळीस माणसे एका कुरणात उतरली की तो हिशेब त्याच दिवशी मोडतो.

आपली डोंगराची ओळख सह्याद्रीतली आहे, आणि मला वाटते इथेच आपली फसगत होते. राजमाचीला जायचे तर उधेवाडीत कुणाच्या तरी ओसरीवर पथारी पसरता येते आणि पिठले-भाकरीचे ताट समोर येते. हरिश्चंद्रगडावर गुहा आहेत, टाक्यातले पाणी आहे आणि काही बिघडलेच तर पाचनई गाठता येते. गडावर चुकलेल्या पोरांना वाट दाखवणारा गुराखी भेटतो, राहिलेला कचरा कुणीतरी गावकरी उचलतो, आणि आपण त्याला नमस्कार करून एसटी पकडतो. आपल्या डोंगराला खाली गाव असते आणि ते गाव आपल्या अजाणतेपणाचा भार वर्षानुवर्षे मुकाट्याने वाहत आले आहे. इथल्या डोंगराला खाली गाव नाही. जे पाणी नेले नाही ते मिळणार नाही आणि जो कचरा परत आणला नाही तो तिथेच राहील. डेन्व्हर शहरच ५,२८० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या जेमतेम सव्वाशे फूट खाली आहे, आणि आपले तंबू लागतात ते त्याच्याही वर, नऊ-दहा हजार फुटांवर. जुलैतही पहाटे पाणी गोठण्याच्या बेतात असते. दुपारी ढग भरून येतात आणि विजा कडाडू लागतात.

ज्या सहलीमुळे मी हे लिहायला बसले ती कोलोरॅडोतल्या पाइक राष्ट्रीय वनातली होती. आम्ही ४२ जण होतो आणि १४ गाड्या होत्या. जागा मी नकाशावर पाहून ठरवली होती, आधी जाऊन पाहिली नव्हती. पोहोचलो तेव्हा तिथे सपाट, झाडे नसलेली, तीन-चार तंबूंपुरती जागा होती. उरलेल्या गाड्या गवतात घातल्या गेल्या, कारण दुसरा मार्गच नव्हता. आधीच्या कुणीतरी केलेली दगडांची दोन लहान वर्तुळे होती. ती मोडून एक मोठे वर्तुळ करण्यात आले, कारण सगळ्यांना एकाच शेकोटीभोवती बसायचे होते. गाणी झाली, भेंड्या झाल्या, मुले खूप आनंदात होती. रात्री अकराच्या सुमारास शेकोटीवर फावड्याने माती लोटली आणि आम्ही झोपलो.

सकाळी आवरताना मी सहज काठीने ती माती उकरली. चार बोटे खाली निखारे लालबुंद होते आणि वर्तुळाच्या कडेला पाइनचे एक मूळ आतून धुमसत होते. त्या जंगलात जमिनीवर पाइनच्या वाळलेल्या सुयांचा जाड थर असतो. मूळ पेटले की आग त्या थराखालून सरकत जाऊ शकते आणि बऱ्याच वेळाने, वारा सुटल्यावर, काही फुटांवर वर येऊ शकते. खरे तर हे मला शिकवायला कुणी रेंजर लागायला नको होता. माझी आजी रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायची आणि सकाळी त्यावर फुंकर घालून चूल पेटवायची. राखेने आणि मातीने विस्तव विझत नाही, जपला जातो, हे आपल्या घरातले जुने ज्ञान आहे, आणि आम्ही ४२ सुशिक्षित माणसे त्याच्या नेमके उलटे धरून चाललो होतो. उरलेले सहा गॅलन पिण्याचे पाणी आम्ही त्यात ओतले, काठीने ढवळले, पुन्हा ओतले, आणि राख हाताला गार लागेपर्यंत थांबलो. त्याला तास गेला. तोवर निम्मी मंडळी गाड्यांत बसून घरी निघालेली होती.

हे वाढवून सांगते आहे असे कुणाला वाटू नये म्हणून त्याच वनातली गोष्ट सांगते. २००२ च्या जूनमध्ये, शेकोट्यांवर बंदी असताना, एका दगडी वर्तुळात पेटवलेल्या आगीतून हेमन वणवा सुरू झाला आणि सुमारे १ लाख ३८ हजार एकर जळाले. डेन्व्हरला पाणी पुरवणाऱ्या चीझमन जलाशयाभोवतीचे डोंगर उघडे पडले आणि नंतरच्या पावसांत राख-माती त्या पाण्यात उतरली. तिथल्या डेकर्स वस्तीच्या बाजूने गेलात तर ते उतार अजूनही ओळखू येतात. २०१६ च्या जुलैमध्ये कोलोरॅडोतल्याच नेदरलँड नावाच्या गावाजवळ काही जणांनी आपली शेकोटी नीट न विझवता सोडली आणि त्या वणव्यात आठ घरे गेली. कॅलिफोर्नियात २०१३ साली स्टॅनिस्लॉस राष्ट्रीय वनात सुरू झालेला रिम वणवा बेकायदा शेकोटीतून पेटल्याचा निष्कर्ष फॉरेस्ट सर्व्हिसने काढला. तो योसेमिटी उद्यानात शिरला आणि अडीच लाखांहून अधिक एकर जळाले.

म्हणून माझे म्हणणे असे, की सोय नसलेल्या जागेवरच्या मुक्कामात शेकोटी धरूच नये. गॅसच्या स्टोव्हवर स्वयंपाक करावा, अंगात लोकरी कपडे घालावेत आणि मध्ये कंदील ठेवून गप्पा माराव्यात. उन्हाळ्यात अनेकदा हा नियमच असतो, फक्त तो आपल्याला नीट कळलेला नसतो. कोरडे दिवस सुरू झाले की पहिल्या टप्प्याचे निर्बंध लागतात. त्यांत सरकारी कॅम्पग्राउंडमधल्या, म्हणजे सोयी करून दिलेल्या मुक्कामाच्या जागेतल्या, लोखंडी किंवा सिमेंटच्या पक्क्या वर्तुळात शेकोटी चालते, पण मोकळ्या रानातल्या दगडी वर्तुळात चालत नाही, मग ते वर्तुळ कितीही जुने असो. कोळशाची शेगडीही तिथे चालत नाही. चालू-बंद करायची कळ असलेला गॅसचा स्टोव्ह तेवढा चालतो. दुसऱ्या टप्प्यात तर कॅम्पग्राउंडमधली शेकोटीही बंद होते. ‘तिथे वर्तुळ होते म्हणून पेटवली’ हे उत्तर मी आपल्या किमान तीन सहलींत ऐकले आहे.

आता स्वयंपाकाकडे येते, कारण आपल्या सहलीचा निम्मा जीव तिथे असतो. दहा हजार फुटांवर पाणी सुमारे ९० अंश सेल्सिअसलाच उकळते. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी ती दाताखाली लागते आणि तोवर गॅसचे नळकांडे संपत येते. कुकर न्यावा, किंवा डाळ घरून शिजवून, गोठवून न्यावी. ती कूलरमध्ये बर्फाचेही काम करते. हे लहान गटाला जमते. चाळीस जणांसाठी मात्र मोठी पातेली येतात, अंदाज चुकतो आणि अन्न उरते. त्या सहलीत उरलेला वरण-भात कुणीतरी ओढ्यात ओतला. दुसऱ्या दिवशी पाण्यातल्या दगडांना भाताची शिते चिकटलेली होती आणि काठच्या शेवाळावर हळदीचा पिवळा डाग होता. ज्यांनी ओतला त्यांचा हेतू वाईट नव्हता. माशांना खायला होईल, असे त्यांना मनापासून वाटले होते. गावाकडच्या नदीत आपण हेच करत आलो. पण बर्फ वितळून येणाऱ्या त्या गार, नितळ ओढ्याला आपले अन्न पचत नाही, आणि त्याचा वास जिथवर जातो तिथून अस्वल येते.

कोलोरॅडोत आज काळी अस्वलेच आहेत. ती सहसा माणसावर धावून येत नाहीत, पण त्यांचे नाक विलक्षण तिखट असते आणि एकदा कूलरमध्ये खाणे मिळाले की ती पुन्हा तिथेच येतात. माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल शेवटी बहुधा मारावे लागते. शिधा, मसाल्याचे डबे, खरकटी भांडी, दात घासायची पेस्ट, मुलांच्या खिशातला लाडू, हे सगळे रात्री गाडीत, काचा वर करून आणि दार कुलूपबंद करून ठेवायचे असते. कुलूप महत्त्वाचे आहे, कारण इथल्या अस्वलांना गाडीची दारे उघडता येतात. गाडीपासून दूर चालत जाऊन मुक्काम करायचा असेल तर अस्वलाला न उघडणारा डबा लागतो आणि काही भागांत तो बंधनकारक आहे. चार कुटुंबांचे सामान एका रात्री तपासता येते. चौदा गाड्यांचे तपासता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला आहे.

शौचाचा विषय सभेत निघाला की हसण्यावारी जातो, म्हणून तो सरळ लिहिते. पाणी, पायवाट आणि तंबू यांच्यापासून २०० फुटांवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या सुमारे ७० पावलांवर, सहा ते आठ इंच खोल खड्डा खणायचा, नंतर तो बुजवायचा आणि कागद पिशवीत घालून परत आणायचा. दोन रात्रींत ४२ माणसांचे असे किती खड्डे होतात याचा अंदाज प्रत्येकाने स्वतः करावा. आम्ही परतताना झुडपांमागे पांढरे कागद वाऱ्यावर हलत होते. ते गोळा करायला आम्ही चौघी थांबलो होतो.

नियमांची एक बाजू अशी आहे, की तिची जाणीव बहुतेक कार्यकारिणींना नसते आणि मलाही नव्हती. राष्ट्रीय वनात ७५ किंवा अधिक माणसांचा गट जमणार असेल तर आधी परवाना घ्यावा लागतो. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखाली राखलेल्या क्षेत्रांत मर्यादा त्याहून फार कमी असते आणि कोलोरॅडोतल्या अशा अनेक क्षेत्रांत एका गटात १५ पेक्षा जास्त माणसे चालत नाहीत. याहून महत्त्वाची गोष्ट पैशांची आहे. सहभागासाठी शुल्क आकारले गेले तर, संस्था नफ्यासाठी चालत नसली तरी, फॉरेस्ट सर्व्हिसच्या नियमांनुसार तो वापर व्यावसायिक धरला जाऊ शकतो. आपण माणशी वीस-पंचवीस डॉलर घेतो, सभासदांना सवलत देतो, संकेतस्थळावर जाहिरात करतो. तेव्हा जाहिरात करण्याआधी त्या वनाच्या रेंजर कार्यालयाला फोन करून आपला बेत जसाच्या तसा सांगावा आणि परवाना लागतो का ते विचारावे. माझ्या अनुभवात ही माणसे आस्थेने बोलतात आणि कोणता रस्ता उघडा आहे, कुठे निर्बंध आहेत, हेही त्याच फोनवर सांगतात. त्यांचा मोटार वाहन वापराचा नकाशा मोफत मिळतो. गाडी कुठल्या रस्त्यावर नेता येते आणि रस्त्यापासून किती आत घालता येते हे त्यावर दिलेले असते, आणि रंगीबेरंगी ॲपपेक्षा हा साधा काळा-पांढरा नकाशा अधिक विश्वासाचा आहे.

ही मोफत मुभा आपोआप टिकणारी नाही, याची चिन्हे दिसू लागली आहेत. कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूट गावाच्या आसपासच्या दऱ्यांत पूर्वी कुठेही तंबू ठोकता येत असे. गर्दी, कचरा आणि तुडवलेली कुरणे यांमुळे तिथे आता खूण केलेल्या ठरावीक जागांवरच मुक्काम करता येतो. फॉरेस्ट सर्व्हिसला मी दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही तेच केले असते. तिथे गर्दी आपण केली नव्हती हे खरे. पण ज्या कुरणात आम्ही चौदा गाड्या घातल्या, तिथे चाकांचे दोन खोल चर पुढच्या वर्षी मी पाहिले, आणि पावसाचे पाणी त्या चरांतून ओढ्याकडे धावत होते.

काही संयोजकांचे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते मीच पूर्वी मांडत असे. मंडळ सगळ्यांना एकत्र आणण्यासाठी असते, मग दहा-दहा जणांचे तुकडे कशाला, असे म्हटले जाते. नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांकडे तंबू नसतो, भारतातून आलेल्या आई-वडिलांना सोबत लागते, मोठ्या गटात सुरक्षित वाटते, हेही खरे आहे. पन्नास जणांना एकत्र जमायचे असेल तर सरकारी कॅम्पग्राउंडमधील गटांसाठीची मोठी जागा आधी आरक्षित करावी. तिथे शौचालय असते, पक्की शेकोटी असते, वृद्धांना ते सोयीचेही पडते आणि भेंड्या तिथे मनसोक्त खेळता येतात. मोकळ्या रानात मात्र माणसे वाढली की सुरक्षितता घटते, असा माझा अनुभव आहे. ४२ जणांत प्रत्येकाला वाटते की शेकोटी दुसऱ्या कुणीतरी विझवली असेल. आठ जणांत ती कुणी विझवली हे सगळ्यांना ठाऊक असते. आणि विद्यार्थ्याला तंबूपेक्षाही गरज असते ती तंबू कसा ठोकायचा हे शेजारी बसून दाखवणाऱ्या माणसाची, जे मोठ्या सहलीत होत नाही. गेल्या दोन उन्हाळ्यांत आम्ही चार कुटुंबांनी खासगीत असे लहान मुक्काम केले. तंबू लागल्यावर इतकी शांतता होती की आठ वर्षांच्या एका मुलाने ॲस्पेनची पाने वाऱ्याने वाजतात हे स्वतःहून ओळखले आणि आजीला फोनवर ऐकवण्यासाठी तो आवाज टिपून घेतला. मोठ्या सहलीत तेच मूल ध्वनिवर्धकावरच्या गाण्यांवर नाचत होते. त्यातही त्याला मजा आली होती, पण ती मजा घराच्या अंगणातही मिळते.

तेव्हा यंदाच्या आखणीत प्रत्येक मंडळाने पाच-सहा गटप्रमुख निवडावेत, त्यांनी सहलीआधी जागा प्रत्यक्ष पाहून यावी, आणि एका गटात दहापेक्षा जास्त माणसे व चारपेक्षा जास्त गाड्या घेऊ नयेत. पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला निदान एक गॅलन धरावा. मंडळाने ध्वनिवर्धकावर खर्च करण्याऐवजी दोन-तीन तंबू, झोपायच्या पिशव्या, एक फावडे आणि अस्वलांपासून जपणारे डबे घेऊन ते सभासदांना वापरायला द्यावेत. उंचावरचे बरेच रस्ते बर्फामुळे जूनपर्यंत बंद असतात, म्हणून गटप्रमुखांची पहिली रात्र जूनच्या उत्तरार्धात ठेवता येईल. डेन्व्हरच्या आसपासच्या मंडळांचे मिळून आठ गटप्रमुख तयार झाले तर त्या रात्री मी त्यांच्याबरोबर येईन. माझ्याकडे दोन तंबू, दोन स्टोव्ह आणि एक जुना पाच लिटरचा कुकर आहे, तो मी घेऊन येते. पाणी मात्र प्रत्येकाने आपापले आणावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
कोलोरॅडोतील एक माजी सहल समिती सदस्य